खाडी म्हणजे पाळणा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला बोलावलं ते कवी म्हणून आणि बोलायला सांगितलं ते मासळीवर. 'तुम्ही खाडीकाठचे, तुम्हाला ठाऊक असणारच,' असं फोनवर सांगण्यात आलं. ठाऊक आहे, पण ते मला उशिरा कळलं. कळण्याआधी माझ्या हातून एक चूक झाली. आज ती चूकच सांगायची आहे, कारण ती माझ्या एकट्याची नाही. आपल्या किनाऱ्यावर गावोगाव थोड्याफार फरकाने तीच झालेली आहे.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या काठी. आमचा मोहल्ला दालदींचा. रत्नागिरीकडे पिढीजात मासेमारी करणाऱ्या मुसलमानांना दालदी म्हणतात. समोरच्या काठाला खारव्यांची वाडी आणि वरच्या अंगाला, जिथे पाणी मचूळ होत जातं तिथे, भोयांची. तीन वाड्या आणि एक खाडी. लग्नं वेगळी, सण वेगळे, पण भरती-ओहोटी सगळ्यांची एकच. आमच्या घरी चांदाच्या तारखेवर पाणी ओळखायचे, समोरच्या काठाला तिथीवर. हिशेब मात्र तोच. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते, हे मला एका खारवी काकांनी शिकवलं. शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ व्हायला त्याचा उपयोग झाला.

माझी दादी कालवं आणि तिसऱ्या काढायची. दादा लवकर गेलेले, त्यामुळे चार पोरांचं घर तिने ओहोटीच्या वेळापत्रकावर चालवलं. ओहोटी पहाटे असेल तर पहाटे, भर दुपारी असेल तर दुपारी. कंबरेला टोपली, हातात कालवं फोडायची लहानशी हातोडी आणि गुडघाभर चिखल. तिने कधी होडीत बसून समुद्र पाहिला नाही. पण समुद्रात मासळी कुठून येते, हे तिला पक्कं माहीत होतं.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. विटी-दांडूसाठी चांगलं लाकूड हवं म्हणून मी कांदळाच्या मुळाला कोयता लावला. कांदळाची मुळं खोडापासून फुटून कमानीसारखी चिखलात उतरतात, ती मला दांडूला सरळ आणि मजबूत वाटली. दादीने मागून येऊन पाठीत एक धपाटा घातला. म्हणाली, 'त्यात पोरं हायत!' मला काहीच दिसेना. मग तिने पदराचा शेव त्या मुळांमधल्या पाण्यात बुडवला आणि हलकेच वर उचलला. पदरातल्या पाण्यात सुईएवढ्या, काचेसारख्या आरपार कोळंब्या होत्या. डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसत होते. तिने पदर परत पाण्यात सोडला आणि म्हणाली, 'ही खाडी नाय, पालना हाय पालना.'

आमच्या कोकणी बोलीत 'ळ' नाही. त्यामुळे पाळणा हा 'पालना' होतो आणि डोळा हा 'डोला'. पुढे मी बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो आणि दादीच्या त्या 'पालना'वर मनातल्या मनात हसायलाही शिकलो. त्या शब्दातलं शास्त्र समजायला मला आणखी पुष्कळ वर्षं लागली.

ते शास्त्र थोडक्यात सांगतो. आपण बाजारात घेतो ती मोठी कोळंबी अंडी घालते समुद्रात. अंड्यांतून निघालेले जीव काही आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतात आणि पाऊणएक सेंटीमीटरचे झाले की भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन खाडीत शिरतात. तिथे तिवर, चिप्पी आणि कांदळ यांच्या मुळांच्या जाळ्यात ते काही महिने वाढतात. मोठ्या माशांना त्या दाटीत शिरता येत नाही. खायला भरपूर असतं, कारण कांदळवनाची पानं सतत गळतात, चिखलात कुजतात, आणि त्या कुजलेल्या पानावर सूक्ष्म जीव पोसले जातात. तेच या पिल्लांचं अन्न. अंगाने भरली की कोळंबी पुन्हा समुद्राकडे निघते. पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की या परतीला जोर चढतो.

खेकड्याचं थोडं वेगळं. चिखलातली मोठी कुर्ली वाढते खाडीत, पण अंडी सोडायला मादी समुद्राकडे जाते. लाखो अंडी पोटाखाली घेऊन ती एवढा प्रवास करते आणि तिची पिल्लं पुन्हा खाडीत येतात. जिताडा, ज्याला काही ठिकाणी खजुरा म्हणतात, त्याची गोष्ट तर कथेत शोभावी अशी आहे. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं वर खाडीत आणि थेट गोड्या पाण्यापर्यंत चढतात. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याचीच मादी होते. म्हणजे लहान जिताडे सगळे पकडून संपवले तर मादी उरणारच नाही. बोय, तांबोशी, पालू यांचंही लहानपण खाडीत जातं.

सगळेच मासे खाडीत वाढतात असं मात्र नाही. बांगडा आणि तारली हे मोकळ्या समुद्राचे. पापलेटची पिल्लं किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वाढतात. पण त्या उथळ पाण्यालाही खाडीतून उतरणारं अन्न लागतंच. खाडी, कांदळवन, चिखलाचे पट्टे, तिसऱ्यांची वाळू, खडपं आणि किनाऱ्याजवळचं उथळ पाणी ही सगळी मिळून मासळीचं घर होतं. घराची एक खोली पाडली की उरलेल्या खोल्यांनाही तडे जातात.

आता माझी चूक सांगतो.

साल १९९३. मी चोवीस वर्षांचा, नुकताच बी.ए. झालेला, बेकार. मोहल्ल्यात पदवी घेतलेला मी एकटाच, त्यामुळे गावातले सगळे अर्ज माझ्याकडे यायचे. रेशनकार्डापासून मयताच्या दाखल्यापर्यंत. माझं मराठी शुद्ध आहे याचा मला अभिमान होता आणि गावालाही होता. लोक मला अर्ध्या थट्टेने 'शायर' म्हणायचे.

त्या वर्षी शहरातून काही माणसं आली. त्यांना कोळंबीची तळी करायची होती. त्या काळात देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर कोळंबीच्या शेतीची लाट आली होती. परदेशात भाव चांगला होता, लवकर पैसे मिळत होते. आमच्या मोहल्ल्याच्या पश्चिमेला तिवरांनी भरलेलं मोठं खाजण होतं. तेच त्यांच्या नजरेत भरलं. गावाला रस्ता मिळेल, पोरांना पगार मिळेल, असं ते म्हणाले. त्यांना गावाचं संमतिपत्र हवं होतं. ते लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी लिहिलं, मन लावून लिहिलं. एका जागी मला त्या खाजणाचं वर्णन करायचं होतं. मी लिहिलं, 'सदर जागा पडीक व निरुपयोगी असून...'

सह्या-अंगठे घ्यायला मी घरोघर गेलो. माझे मामू त्या वेळी त्याच खाजणाच्या तोंडाशी वाण लावायचे. वाण म्हणजे खुंट्यांवर बांधलेलं जाळं. भरती चढते तेव्हा ते खाली पाडून ठेवायचं, भरती पूर्ण झाली की वर उचलायचं. पाणी उतरताना मासळी अडकते. मामूंना वाचता येत नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, 'पडीक म्हणजे काय रे?' मी म्हणालो, 'ज्यात काही पिकत नाही ती जागा, मामू.' ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा पुढे केला. शिकलेल्या भाच्याने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं असेल. किंवा सगळ्या गावाने अंगठे दिले, मी एकट्याने कशाला अडवू, असंही वाटलं असेल. मी विचारलं नाही.

यंत्रं आली. तिवरांचं रान आठवड्याच्या आत आडवं झालं. चारी बाजूंनी मातीचा बांध घातला गेला. पहिलं पीक चांगलं आलं. सहा-सात पोरांना नोकऱ्याही मिळाल्या, हे मी नाकारत नाही. पण १९९४-९५ च्या सुमारास देशभरच्या कोळंबीच्या तळ्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग पसरला. आमच्याकडेही दुसरं पीक आठवड्याभरात पालथं पडलं. ते सगळं पाणी, मेलेल्या कोळंबीसकट, खाडीत सोडून देण्यात आलं. मालक मंडळी गेली ती परत आली नाहीत. किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रात अशी तळी खोदता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी दिला. आमच्या खाजणापुरता तो निकाल उशिरा आला होता.

तळी गेली, बांध राहिला. बांधामुळे खाडीच्या त्या फाट्यातलं पाणी आत-बाहेर करेनासं झालं. पाणी वाहिलं नाही की गाळ बसतो. दोन-तीन पावसाळ्यांत दादीच्या तिसऱ्यांच्या वाळूवर हातभर चिखल चढला. तिसरी वाळूत राहते, चिखलात घुसमटते. मामूंच्या वाणात मासळी कमी होत गेली. २००१ मध्ये त्यांनी होडी विकली आणि पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेले. स्वतःच्या जाळ्याचा माणूस पगारी झाला. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढे कधी कागद घेऊन आले की म्हणायचे, 'नीट बघून वाच रे, एकेक शब्द.' २००७ मध्ये ते वारले.

श्रोतेहो, तोवर मी समुद्रावर पुष्कळ कविता लिहिल्या होत्या. लाटा, गलबतं, क्षितिज, सगळं होतं त्यांत. खाडीवर मात्र एकही कविता नव्हती. खाडीला वास येतो, चिखल असतो, डास असतात. कवीला ती जागा पडीकच वाटते. संमतिपत्रात तो शब्द माझ्या हातून ओघात आला, तो त्यामुळेच.

माझी भाची शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायला गेली. तिने एका सुट्टीत खाडीतल्या पाण्याचा थेंब मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. दादीच्या पदरात पाहिलेले तेच काळे ठिपके पुन्हा दिसले. कोळंबीचं जीवनचक्र तिने मला वहीत काढून समजावलं. मी तिला म्हटलं, 'हे तुझ्या पणजीने मला एका शब्दात सांगितलं होतं.' ती म्हणाली, 'मामू, मग तुम्ही ऐकलं का नाही?' मी तिचा मामू. त्या हाकेने मला माझे मामू आठवले आणि उत्तर सुचलं नाही.

हे झालं एका गावाचं. आता सबंध किनाऱ्याकडे बघू.

आपल्या खाड्यांवर संकटं अनेक आहेत. वाळू उपसणारे पंप तळाची वाळू ओढतात, तिच्याबरोबर तिसऱ्या आणि माशांची अंडीही जातात. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी उतरतं. भराव पडतात. भरावाची सुरुवात बहुधा कचऱ्याने होते. आधी गावाचा कचरा, मग माती, मग कुंपण, मग इमारत. यात आपण खाडीकाठचे लोकही कमी नाही. चुलीला तिवराचं लाकूड आम्हीच तोडलं. नको ते सगळं ओहोटीच्या पाण्यात आम्हीच सोडलं.

समुद्रात जे चाललं आहे त्याचीही चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले. एलईडी दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून मारण्याला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी केली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगं किमान आकारमान ठरवण्यात आलं. नियम चांगले आहेत, ते पाळले गेले तर आणखी चांगले ठरतील. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे दोन लाख टन मासळी उतरली, तोवरच्या ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळंही झाली होती आणि नंतर आकडा वर आला, हे खरं. पण इशारा मिळायचा तो मिळाला.

मात्र या सगळ्यात एक गोष्ट मागे राहते. बंदी दोन महिन्यांची असते आणि ती जाळ्यांवर असते. पाळण्याला बारा महिने राखण लागते. समुद्रात कितीही शिस्त पाळली आणि खाडी बुजवत राहिलो, तर जाळ्यात यायला मासळी जन्मणार कुठे, वाढणार कुठे? शेतकऱ्याला बियाण्याचं महत्त्व कुणी सांगावं लागत नाही. मासळीचं बियाणं खाडीत आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

कायद्याच्या बाजूने काही झालेलं नाही असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवनाच्या तोडीला आणि भरावाला मनाई केली. २०१८ च्या निकालात तर कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं म्हटलं. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. वनसर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात राज्यात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलेलं आहे. कागदावर रान उभं आहे. आता ते चिखलात उभं राहिलं पाहिजे.

आणि ते राखायचं तर काठावरच्या माणसांना बरोबर घेऊनच. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. मच्छिमारांनी विरोध केला. आपला धंदा बंद होईल, ही त्यांची भीती होती आणि ती समजण्यासारखी आहे. त्याच सिंधुदुर्गात पुढे ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आसाची जाळी लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीचा तिरपा आस ओढ लागली की मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो. त्यातून पिल्लं निसटतात, मोठी मासळी राहते. तो प्रयोग मच्छिमारांनीच करून पाहिला, म्हणून रुजला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचतगटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या जागेची लोकांना किळस होती, ती जागा बघायला लोक पैसे देतात. ज्यांचं पोट खाडीवर आहे त्यांना राखणदार केलं, तर वेगळा पहारा लागत नाही.

आता पुन्हा माझ्या गावाकडे येतो. २०१० च्या पावसाळ्यात, एका उधाणाच्या रात्री, तळ्यांचा तो बांध फुटला. सकाळी बघतो तर खाजणात पाणी शिरलेलं. ग्रामसभा भरली. बांध पुन्हा घालावा, भराव करून मैदान करावं, असा सूर होता. मी उभा राहिलो. मी आयुष्यात बरीच कविसंमेलनं केली आहेत, पण त्या दिवशी माझे पाय कापत होते. मी म्हणालो, 'सतरा वर्षांपूर्वी ते पत्र मी लिहिलं होतं. त्यातला एक शब्द खोटा होता.' आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

लगेच सगळे मानले, असं झालं नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा प्रश्न रास्त होता. खारं पाणी मोकळं सोडलं तर त्यांची भातशेती जाईल. खारभूमीचे बांध आपल्या वाडवडिलांनी घातले आहेत, त्यावर कितीतरी घरांचा भात पिकतो. सगळेच बांध वाईट, असं म्हणणं म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक. दोन-तीन बैठका झाल्या, भांडणंही झाली. शेवटी असं ठरलं की आतला जुना बांध आणि त्याची उघाडी दुरुस्त करायची, म्हणजे शेती सुरक्षित राहील, आणि बाहेरचा फुटलेला बांध तसाच सोडायचा. मैदान दुसरीकडे झालं.

आम्ही काही लावलं नाही. भरतीबरोबर तिवराच्या बिया आपोआप वाहून आल्या. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि गळून चिखलात उभं राहतं. तेही हळूहळू आलं. पहिली दोन वर्षं काही दिसत नव्हतं. मग चिखलातून पेन्सिलीसारखी तिवराची श्वासमुळं वर आली. आज ते रान माझ्या डोक्यावर गेलं आहे. ओहोटीला मुळांमध्ये हात घातला की सुईएवढ्या कोळंब्या हाताला लागतात. मोहल्ल्यातली दोन पोरं पुन्हा वाण लावतात. पण दादीच्या तिसऱ्यांची वाळू परत आली नाही. एका कोपऱ्यात थोड्या तिसऱ्या मिळतात, तेवढंच. सतरा वर्षांची चूक पंधरा वर्षांत फिटत नाही. काही गोष्टी तर फिटतच नाहीत.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर शहरात राहतो, आमचा काय संबंध? संबंध रोजच्या ताटाशी आहे. तळहाताहून लहान पापलेट घेऊ नका. स्वस्त मिळाला म्हणून तर मुळीच नको. अंड्यांवरची कुर्ली बाजारात दिसली तर कोळणीला विचारा, 'मावशी, ही का आणली?' चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्या दिवशी ती येणार नाही. आणि जवळा खाताना मन खाऊ देऊ नका. पुष्कळांना वाटतं जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं. तसं नाही. ती वेगळीच जात आहे आणि ती तेवढीच राहते. काय घ्यावं, काय सोडावं, हे माहीत असणं हीसुद्धा खाडीची राखणच आहे.

खाडीकाठच्या श्रोत्यांना एकच सांगतो. ग्रामसभेत खाडीचा विषय निघाला की वाणवाल्याला, कालवं काढणाऱ्या बाईला, पाग टाकणाऱ्या भोयाला आधी बोलू द्या. शिकलेल्यांनी मागून बोलावं. मी शिकलेला होतो आणि मी आधी बोललो, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत.

मध्यंतरी आमच्या ग्रामपंचायतीने ती जागा कांदळवन म्हणून नोंदवून घ्यावी असा अर्ज करायचं ठरवलं. लिहायला पुन्हा माझ्याकडेच आले. जागेच्या वर्णनाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. मग लिहिलं, 'सदर जागेत कोळंबी, कुर्ली, बोय व जिताडा यांची पिल्लं वाढतात. तीन वाड्यांचा चरितार्थ तिच्यावर आहे.' अर्ज घेऊन मी घरोघर फिरलो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकेक शब्द वाचून दाखवला. मामूंच्या घरी त्यांच्या मुलाने सही केली.

तुमच्या गावच्या दप्तरात खाडीकाठच्या जागेपुढे कोणता शब्द लिहिला आहे, तो एकदा जाऊन वाचा. पडीक लिहिलं असेल तर तो कुणी लिहिला, कुणाला विचारून लिहिला, तेही विचारा.